काकपद

मजकुरात चुका तीनच होत्या. 'ज्वालामुखी'तला 'मु' दीर्घ पडला होता, 'पाषाणा'त पोटफोड्या 'ष' हवा तिथे शहामृगातला 'श' येऊन बसला होता, आणि सहाव्या फोटोखालच्या ओळीत 'तरुणी'चा 'रु' दीर्घ झाला होता. किशोरीने लाल पेनाने तिन्ही दुरुस्त केल्या, समासात खुणा केल्या, आणि मग ती ओळ अर्थासाठी वाचली. पस्तीस वर्षांच्या मुद्रितशोधनाने तिला हीच सवय लावली होती, आधी अक्षरं आणि मग अर्थ. कितीतरी लोकांची आत्मचरित्रं तिच्या हाताखालून गेली आणि त्यांतल्या एकाचंही दुःख तिला लागलं नाही, ते या सवयीमुळेच. ओळ अशी होती: 'पुरात वाहून जाऊन निधन पावलेल्या सेलेस्तीन या तरुणीचे स्मारक.' वर फोटो होता. झाडीत, नदीच्या अगदी काठाला, काळ्या दगडाचा कमरेएवढा क्रूस, शेवाळलेला. त्याच्या चौथऱ्यावर कोरलेली अक्षरं वेडीवाकडी होती पण वाचता येत होती. वर 'सेलेस्तीन'. मग बरीच मोकळी जागा. मग 'पावली'. त्याखाली ९-७-८६. समोर दीपिका चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसली होती आणि विचारत होती, की काकू, आता छापायला देऊ ना. किशोरीने पेनाचं टोपण लावलं, ते पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. "एक दिवस ठेव माझ्याकडे," ती म्हणाली. "एक ठिकाण बघावं लागेल."

दीपिका वरच्या मजल्यावरची. नोकरी सोडून लोकांना रानावनांत हिंडवायचा उद्योग तिने काढला होता, आणि या हिवाळ्यात सिंधुदुर्गात नदीकाठची एक जुनी पायवाट गाववाल्यांच्या मदतीने मोकळी करून तिची माहितीपुस्तिका ती छापत होती. मालवणापासून आत, देवगडच्या अंगाला, कोळवंडे नावाचं गाव. किशोरीकाकू मूळच्या तिकडच्या, एवढं तिला ठाऊक होतं. तेंडोलकर आडनाव म्हटल्यावर ते कुणालाही ठाऊक असतं. पण तेंडोलकर हे नवऱ्याचं आडनाव आणि किशोरी हे सासूने लग्नाच्या दिवशी तांदळात लिहून ठेवलेलं नाव, हे दीपिकाला कुठून ठाऊक असणार? सेलेस्तीन म्हणून या घरात, या इमारतीत, या अख्ख्या पुणे शहरात कुणी कुणाला हाक मारलेली नव्हती. कोळवंड्याच्या पेद्रू पाथरवटाची मुलगी सेलेस्तीन, घरात सेलू, ९ जुलै १९८६ ला सकाळी घरातून बाहेर पडली, आणि आज एकोणचाळीस वर्षांनी तिने स्वतःच्या निधनाच्या ओळीतलं शुद्धलेखन तपासलं. काळजात चर्र झालं असं लोक म्हणतात. तिला तसं काही झालं नाही. दुपारी जेवताना मात्र आमटीत मीठ घातलंय का हे तिला जिभेवर घेऊनही कळेना.

आदल्या दिवशी, म्हणजे ८ जुलैला, पाय म्हणाला होता. पाय म्हणजे वडील. लग्नानंतर पहिल्यांदा ती गुरुप्रसादला 'माझा पाय फार रागीट' असं सांगायला गेली तेव्हा तो हसून लोळला होता, आणि तेव्हापासून तिने तो शब्द बाहेर काढायचा बंद केला. असे बरेच शब्द तिने बंद केले. पाय दारात उभा होता, हातात टाकी तशीच होती, आणि आवाज अजिबात न चढवता त्याने सांगितलं होतं, "ह्या दारासून भायर पडलंस, तर तू आमका मेलंस." माय चुलीपाशी होती. तिने मान वळवली नाही. गुरुप्रसाद एक वर्षासाठी बदली शिक्षक म्हणून गावच्या शाळेत आला होता, तिला राहून गेलेल्या दहावीच्या परीक्षेसाठी मराठी शिकवत होता, आणि ऱ्हस्वदीर्घ शिकवता शिकवता जे व्हायचं ते झालं होतं. पायाचा राग तो हिंदू असण्यावर होता की तिने न विचारता ठरवण्यावर, हे तिला आजवर कळलेलं नाही. ती गेली. पुण्याहून तिने दोन पत्रं लिहिली, तिसरं लिहायला घेतलं आणि फाडलं. माय गेल्याचं दोन वर्षांनी कळलं, पाय गेल्याचं एका लग्नाच्या पंगतीत, ताटात जिलबी पडत असताना. दोन्ही वेळा तिला वाटलं होतं, मेलेल्या माणसाला सुतक नसतं. पण ते बोलणं होतं. बोलतात माणसं. रागात काहीही बोलतात आणि मग मुलं जन्मभर स्वतःची समजूत घालतात, की बापाच्या मनात तसं नसणार. तीही घालत आली होती. आता फोटोत दगड होता. दगड कुणी रागात कोरत नाही, त्याला महिने लागतात. म्हणजे पायाने थंड डोक्याने, टाकीच्या एकेका घावाने, तिला मारलं होतं आणि नदीकाठी पुरलं होतं. हे खरं का, एवढंच तिला बघायचं होतं.

तिला खटकत होती ती मधली जागा. 'सेलेस्तीन' आणि 'पावली' यांच्यामध्ये चांगली वीतभर. असं वाक्य हातात आलं की कुणीही मुद्रितशोधक दोन शब्दांच्या मध्ये खाली ती छोटी टोकदार खूण करतो, जिला काकपद म्हणतात, कावळ्याचा पाय, आणि वर गळलेला शब्द लिहितो. निधन. मरण. मृत्यू. तिघांपैकी कुठलाही चालेल. क्रूसावर तसा शब्द गाळण्याची रीतच असावी, किंवा पायाला तो कोरवला नसेल, किंवा पावसाने खाल्ला असेल. तिने मनात कितीदा तरी ते काकपद केलं आणि दर वेळी निराळा शब्द घालून पाहिला, आणि प्रत्येक वेळी वाक्य निर्दोष झालं. रात्रीच्या जेवणानंतर तिने गुरुप्रसादला पान दाखवलं. त्याने चष्मा लावून वाचलं, चष्मा काढला, आणि बराच वेळ आपले सुजलेले गुडघे चोळत बसला. मग म्हणाला, जाऊन ये. गुडघे धड असते तर मीही आलो असतो, पण हे असे. पोचलीस की फोन कर. हे वाक्य तो ती भाजी आणायला गेली तरी म्हणायचा.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दीपिका पाट्या लावायला निघाली तेव्हा किशोरी तिच्याबरोबर गेली. वाटेची सुरुवात रस्त्याच्या मोरीपाशी होती. तिथे गाडी थांबली, दीपिकाने आपल्या पाट्या, हातोडी, दोरी खांद्यावर घेतली आणि ती पुढे झाली. किशोरीच्या पायांत नवे बूट होते. ते चावत होते. वाट रस्त्याच्या कडेने खाली उतरली, आणि दहा पावलांत रस्त्याचा आवाज मिटला. आईन, किंजळ, मध्येच भेरली माडाचे झुपके, आणि झाडांच्या बुंध्यांमधून दिसणारं पाणी, जागच्या जागी असल्यासारखं. काल-परवाच कुणीतरी वाट बेणून ठेवली होती. कापलेल्या गवताचा वास अजून ओला होता. बेणणे. तिला आपलंच हसू आलं. पुण्यात लोक गवत काढतात, झुडपं तोडतात, साफसफाई करतात, बेणत कुणी नाही. हा शब्द तिने कुठल्याही मजकुरात आला असता तर खाली रेघ मारून समासात प्रश्नचिन्ह टाकलं असतं. आणि आत्ता तो वासाबरोबर आपणहून आला होता, न बोलावता, घरचं माणूस मागच्या दाराने यावं तसा.

दीपिकाने पहिली पाटी एका उघड्या कातळाशी रोवली. तिथे नदी वळण घेत होती आणि वळणावर काळा खडक पायऱ्यापायऱ्यांनी पाण्यात उतरला होता. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहत होता, ती सांगू लागली, पुढच्या रविवारच्या लोकांसाठी तालीम करत असावी. एक थर, तो निवला, त्यावर दुसरा, असे कितीतरी. वर सड्यावर, त्या माथ्याच्या पठारावर, दिसतो तो तांबडा जांभा, आणि हा खाली मूळचा काळा. निवताना आतली हवा बाहेर पडायला धडपडते, सगळीच पडू शकत नाही, मग अशी भोकं राहतात, बघा काकू. किशोरीने वाकून बोट घातलं. गुळगुळीत, करंगळी मावेल एवढं भोक, आत गारवा. पायाला हे लाव्ह्याबिव्ह्याचं काही माहीत नव्हतं, पण दगडाला कान लावून तो कुठे फुटेल ते सांगायचा. जांभा हा बायकोसारखा, तो म्हणायचा, कसाही घे, रागावत नाही, आणि काळवथर हा पाद्रीसारखा, त्याच्या कलानंच घ्यावं लागतं. माय त्यावर म्हणायची, की मग तुझी बायको कोण ते तरी ठरव. हे आठवलं आणि तिच्या लक्षात आलं की पायाचा हसणारा चेहरा तिला इतकी वर्षं आठवलाच नव्हता. टाकी घेऊन दारात उभा असलेलाच आठवत होता. एका माणसाची पन्नास वर्षं तिने एका मिनिटात बसवून टाकली होती.

वाट पुन्हा रानात शिरली. ऊन पानांतून गळत होतं, मध्येच एखादा पक्षी पंखांचा मोठा फडफडाट करून उठायचा आणि मग सगळं पूर्ववत. एक व्हाळ आला. दीपिका त्याला ओढा म्हणाली. एक कोंड आला, खोल, हिरवट, वर गोल गोल फिरणारं पान. इथे मामाने तिला पोहायला शिकवलं होतं, नारळाच्या दोन सुक्या असोल्या पाठीला बांधून. न्हंय, तिने नदीकडे बघत मनात म्हणून पाहिलं. न्हंय, व्हाळ, कोंड, सडो. तोंड उघडायची हिंमत झाली नाही. सासूने पहिल्या महिन्यात प्रेमानेच सांगितलं होतं, की किशोरी, तुझं ते माका-तुका लोकांसमोर नको हं. आणि तिने ते असं काही धुऊन काढलं की पुढे तिला लोक मराठीत अडलं की फोन करून विचारायचे. गुरुप्रसाद चारचौघांत अभिमानाने सांगायचा, हिच्या हातून एक वेलांटी सुटत नाही. तिलाही अभिमान होता. तो खोटा नव्हता. पण आज तिला वाटत होतं की धुताना पाण्याबरोबर आणखी काहीतरी गेलं असावं, आणि काय गेलं ते बघायला तेच पाणी लागेल.

जसजसा शेवटचा टप्पा जवळ आला तशी तिची पावलं मंदावली. बुटांचं निमित्त होतं. खरं म्हणजे तिला परत फिरावंसं वाटत होतं. आत्तापर्यंत एक शक्यता तरी होती, की फोटोतली सेलेस्तीन कुणी दुसरी असेल, गावात ते नाव आणखी एखादीचं असेल, तारीख योगायोगाची असेल. हे सगळं खुळचट होतं हे तिला कळत होतं, पण एकोणसाठाव्या वर्षी माणसाला थोडा खुळचटपणा परवडतो. समोर साकव आला, लोखंडी, गाववाल्यांनी नव्याने रंगवलेला. तो ओलांडून वाट पलीकडच्या काठाला लागली. पलीकडचा म्हणजे तिच्या घराचा काठ. नदी आता डाव्या हाताला होती. आणखी पाच मिनिटांनी झाडी विरळ झाली, आणि जागा तिने लगेच ओळखली. हाच उतार. इथे पात्रात काळ्या खडकांची रांग आहे, उन्हाळी माणसं त्यांवरून पाय न भिजवता पलीकडे जातात, आणि पलीकडे चढण संपली की एसटीचा थांबा. त्या सकाळी खडक दिसत नव्हते. फक्त जिथे खडक होते तिथे पाणी उसळत होतं, आणि ती त्या उसळीवरून अंदाजाने, कापडी पिशवी डोक्यावर धरून, एकेक पाय टाकत गेली होती. मधल्या खडकावर पाय सुटला. पिशवी गेली. पाणी छातीशी आलं आणि तिने देवाचं नाव घेतलं, माहेरचंच घेतलं, दुसरं तिला येत नव्हतं. मग पलीकडच्या केवड्याच्या मुळ्या हाताला लागल्या. साकवापर्यंत वर जायला वेळ नव्हता असं ती नंतर सांगायची. साकव तेव्हा नव्हताच.

क्रूस काठालाच होता. फोटोत दिसला त्यापेक्षा लहान. त्याच्यापाशी एक म्हातारी उकिडवी बसून चौथऱ्याच्या सांध्यातलं गवत कोयतीने खरवडत होती. पाठमोरी होती, केस पांढरे होते, पण त्यांच्या चाहुलीने मान न वळवताच तिने "कोण ता?" म्हणून जो सूर लावला त्यावरून किशोरीने तिला ओळखलं. हौसाबाई. पलीकडच्या काठावर थांब्याशेजारचं घर तिचं, भाताची दोन कुणगी आणि काजूची बाग. त्या सकाळी चिंब भिजून थरथरणाऱ्या मुलीला घरात घेऊन कोरडं लुगडं देणारी तीच. त्या वेळी तिशीची असेल. आता तिने वळून दोघींना पाहिलं, किशोरीचा चष्मा, आखूड कापलेले केस, पंजाबी ड्रेस आणि बूट पाहिले, आणि "खंयसून इलास?" असं आदराने विचारलं. पुण्याहून, असं किशोरीने छापील मराठीत सांगितलं. ही बाई आता सांगेल. हिला सगळं माहीत आहे.

दीपिका जवळ बसली. तिने कोयतीला हात लावून पाहिला, वाट तुम्हीच साफ केलीत का विचारलं, फोटो काढला, आणि मग पुस्तिकेचं पान समोर धरून एकदाचं विचारलं, "आजी, ही सेलेस्तीन कशी गेली?"

"एस्टीन," हौसाबाई म्हणाली.

दीपिकाचा चेहरा उतरला. तिने हळू आवाजात विचारलं, "एसटीखाली आली?"

"खाली कित्याक येतली? आत बसान गेली. सातच्या गाडयेन."

दीपिकाने पानाकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं. पण गेल्या खेपेला लोक म्हणाले, ती म्हणाली, की पूर आला होता आणि त्यात ती गेली. गेली ना, हौसाबाई म्हणाली, हूर इल्लो तेव्हाच गेली, मी काय नाय म्हणतंय? आणि मग कोयती मांडीवर ठेवून तिने सगळं सांगितलं, मुलांना सांगतात तसं, पुन्हा पुन्हा मागे येत. त्या सकाळी पोर गाडीत बसून गेली आणि तासाभरात नदी आणखी चढली. तीन दिवस उतरली नाही. इकडच्या काठावर पेद्रू आला. मुलगी पाण्यात उतरताना कुणा गुराख्याने पाहिली होती, पलीकडे निघालेली कुणी पाहिली नव्हती. दुपारी तिची पिशवी खाली कोंडात सापडली. पेद्रू इथे उभा राहिला तो हलेना. पाऊस, आणि डोक्यावर काही नाही. बायको बोलवायला आली तर तिलाही उत्तर देईना, नुसता पाण्याकडे बघत होता. हौसाबाईने पलीकडून त्याला पाहिलं आणि तिच्या ध्यानात आलं, की याला ठाऊकच नाही.

"न्हंयेची गाज इतकी, की माझो आवाज माकाच आयकाक येय नाय," ती म्हणाली. "गाडी, लुगडा, चाय पिऊन गेली, ह्या सगळा सांगलंय तर तेच्यापर्यंत पावतला खंय? म्हणान एकच सबूद धरलंय. दोनय हात वर केलंय आणि बोंब मारूक लागलंय. पावली. पावली."

किशोरी उभी होती ती कधी बसली हे तिचं तिलाच कळलं नाही. पावली. म्हणजे पोचली. घरी रोज दहा वेळा ऐकलेला शब्द. शाळेतून आलं की माय विचारायची, पावलंस गो? बाजारातून आलेली माणसं पावायची, तार पावायची, लग्नाचं बोलावणं पावायचं. पुण्यात मात्र माणसं पोचतात. पावतो तो देव, आणि माणसं पावतात ते एकच काहीतरी, ज्याच्यासाठी आधी एक शब्द लागतो. तो शब्द तिनेच आपल्या हाताने घातला होता. लाल पेनाने नाही, पण घातला होता, आणि एकदा नव्हे. तिने हात पुढे करून त्या मोकळ्या जागेवर ठेवला. तिथे दोन भोकं होती, शेजारी शेजारी, करंगळीएवढी. पाहताना शेवाळाने झाकलेली, पण बोटाला लगेच लागणारी. दगडात हवेचे दोन बुडबुडे राहून गेले होते आणि पाथरवटाने त्यांना टाळून खालून पुढचा शब्द सुरू केला होता. एवढंच होतं. गळलेलं काही नव्हतं.

"आणि त्यांना ऐकू गेलं?" दीपिकाने विचारलं.

"गेला तर. तोंडार हात घेतल्यान आणि खाली बसलो. हंयच."

पुढचं तिने कोयतीने गवत खरवडत खरवडतच सांगितलं. तसा पाण्याकडे बघत उभा असतानाच पेद्रू पोर वाचू दे म्हणून नवस बोलला होता, आणि पाऊस सरल्यावर कोंडाच्या वरून हा दगड गाडीवर घालून आणला. अक्षरं त्याला येत नव्हती. पाद्रीबाबांनी खडूने लिहून दिलं, देवाच्या कृपेने सुखरूप पोचली, असं काहीतरी चांगलं लांबलचक. पेद्रूने ते पुसायला लावलं. जो सबूद आयकलंय तोच कोरतलंय, म्हणाला. दर वर्षी ९ जुलैला तो इथे लादीन म्हणवून घ्यायचा. क्रूसापाशी प्रार्थना गायच्या आणि मग सगळ्यांना उकडलेले चणे वाटायचे. इतरांच्या क्रूसांची लादीन मे महिन्यात होते, हवा कोरडी असताना. याची भर पावसात, चार छत्र्या, तीन माणसं, आणि मेणबत्ती काही केल्या पेटायची नाही. हौसाबाई पलीकडून यायची, चण्यांसाठी, असं ती स्वतःच म्हणाली. तो गेल्यावर चणे तीच शिजवते. गाणं येत नाही, नुसते चणे.

किशोरीला एकदम राग आला. इतका, की तिचे कान तापले. दगड फोडता आला, आणि एक पोस्टकार्ड लिहवून घेता आलं नाही? एकोणचाळीस वर्षं. माय गेली, तो गेला, आणि हा दगड इथे रानात कुणाला सांगत बसला होता? तिने विचारलं, आवाज शक्य तितका सपाट ठेवून, की मुलीने नंतर पत्रबित्र काही पाठवलं नाही का. पाठवली ना, हौसाबाई म्हणाली, दोन. पाद्रीबाबांनी वाचून दाखवली. पेद्रूने ती जपून ठेवली होती, पेटीतच गेली त्याच्याबरोबर. उत्तर लिही म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं, तिनेही सांगितलं. "एकदा मेलंस म्हणान सांगलंय," तो म्हणायचा, "आता खंयच्या तोंडान लिवू?" किशोरीने ते ऐकलं आणि तिचा राग जागच्या जागी थांबला, गेला नाही, पण थांबला. कारण तिसरं पत्र फाडताना ती अगदी हेच म्हणाली होती. आता कुठल्या तोंडाने लिहू? फक्त शुद्ध मराठीत म्हणाली होती.

"बरी होती गो पोर," हौसाबाई उठता उठता म्हणाली. गुडघ्यावर हात देऊन ती उभी राहिली. "थंड पाण्यान नुसती काकडत होती. माझा हिरवा लुगडा दिलंय तिका नेसाक. नवा होता."

"तांबडा," किशोरी म्हणाली.

हौसाबाईने वळून पाहिलं.

"हिरवा नाय," किशोरी म्हणाली. पस्तीस वर्षांची सवय, चूक दिसली की हात थांबत नाही. पण शब्द कुठून आले ते तिला कळलं नाही, ते तोंडात तयारच होते. "तांबडा होता. आणि नवा खंयचा? काठ फाटको होतो."

म्हातारी जवळ आली. तिने किशोरीची हनुवटी दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवली, चष्मा काढून आपल्याच कनवटीशी धरला, आणि खूप वेळ पाहत राहिली. मग "सेलू," एवढंच म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. काही वेळाने हौसाबाईने चष्मा परत दिला आणि सांगितलं, की भात टाकते, मागून ये, आणि ते बूट काढ आधी, त्या दगडांवर बूट सरकतात. ती त्याच रांगेतल्या खडकांवरून, पदर खोचून, आपल्या परसात चालावं तशी पलीकडे गेली. साकवाने फिरून जायचा विचार तिच्या मनातही आला नाही.

दीपिकाने भीत भीत विचारलं, की मग काकू, इथे खाली काय लिहायचं. किशोरीने पान मागून घेतलं, मांडीवर ठेवलं, लाल पेन काढलं. 'पुरात वाहून जाऊन निधन' वर सरळ रेघ मारली. 'तरुणीचे स्मारक' वरही मारली. 'पावलेल्या' मधला 'लेल्या' काढला, 'ली' केला, आणि 'या' खोडून टाकला. उरलेले दोन शब्द तिने बाणाने एकमेकांच्या जागी नेले, मध्ये काही घातलं नाही, आणि समासात लिहिलं: मुळाबरहुकूम. दीपिकाने वाचून पाहिलं. लोकांना अर्थ कळेल का, ती म्हणाली. नाही कळला तर हौसाबाईला विचारतील, किशोरी म्हणाली. तेवढ्यात फोन वाजला. गुरुप्रसादचा संदेश होता, नेहमीचाच. पोचलीस का? तिने तो वाचला आणि फोन पिशवीत ठेवला. त्याला एका मिनिटाने कळलं तरी चालणार होतं.

तिने बूट काढून त्यांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या आणि गळ्यात अडकवले. पहिला खडक कोमट होता, उन्हाने. दुसरा गार. दीपिका सामान घेऊन साकवाकडे वळली होती, आणि पात्रात ती एकटीच होती. मधल्या खडकावर, जिथे पाय सुटला होता, ती थोडी थांबली. पाणी घोट्याएवढंही नव्हतं, खालचे गोटे दिसत होते. पुढचे चार खडक तिने हात पसरून, लहान मुलीसारखी, ओठ चावत पार केले, आणि केवड्याच्या मुळ्यांना धरून पलीकडच्या काठावर चढली. मग वळली. समोरच्या काठाला तो काळा दगड होता, माणसाने खाली बसावं तेवढ्याच उंचीचा. नदी आज नुसती कुजबुजत होती, ओरडायची काहीच गरज नव्हती. तरी तिने दोन्ही हात वर केले.

"पावलंय, पाय," ती म्हणाली, आणि हौसाबाईच्या मागोमाग चढण चढू लागली.